दोन हजार दोनशे पन्नास टप्पे

"पाय हलवू नका," पेंढारकर ताई समोर बघत म्हणाल्या. "त्यांचं लक्ष असतं."

मी बुटाच्या आत नुसती बोटं हलवत होते. तीही आवळून घेतली, हात मांडीवर ठेवले आणि पुन्हा आजारी होऊन बसले.

सकाळचे सहा वाजले होते. मुंबईहून निघालेलं आमचं विमान तीन तासांनी वाळवंटातल्या एका भल्यामोठ्या विमानतळावर उतरलं होतं. इथून शिकागोचं विमान साडेआठला. उतरताना दारातच चाकांच्या खुर्च्या घेऊन माणसं उभी होती. त्यांनी आम्हाला बसवलं, ढकलत एका काचेच्या खोलीत आणलं आणि आगारात गाड्या लावतात तसं भिंतीला ओळीनं लावून दिलं. अकरा खुर्च्या. पासपोर्ट आणि विमानाचे पास आधीच काढून घेतले होते. ते समोरच्या टेबलावर एका निळ्या ट्रेमध्ये होते आणि टेबलामागची बाई त्यांच्यावर कोपर टेकवून फोनवर बोलत होती.

ह्या खुर्च्यांना मोठी चाकं नसतात. लहान लहान चार, सामानाच्या गाडीला असतात तशी. बसणाऱ्याला स्वतः काही ढकलता येत नाही. मागून कुणी लोटलं तर हलायचं, नाही तर जिथं लावलंय तिथं राहायचं.

मला झालं काय होतं? काही नाही. नवरा एस.टी.त ड्रायव्हर होता, तो गेल्यावर मला बार्शी आगारात कंडक्टरची नोकरी लागली. वीस वर्षं केली. बार्शी-भूम, बार्शी-लातूर, तुडुंब गाडीत उभ्यानं. दारुडे मी एका हातानं दाराबाहेर काढलेत, आणि एकदा एका पुढाऱ्याच्या भाच्याला तिकीट नाही म्हणून येरमाळ्याच्या घाटाखाली उतरवला होता. रिटायर होऊन चार महिने झाले होते. गुडघे ठणठणीत होते.

खुर्ची धनूनं मागितली होती. धनू म्हणजे धनंजय, माझा एकुलता एक. शिकागोला नोकरी करतो. त्याच्या तान्ह्या पोराला सांभाळायला मी निघाले होते. तिकीट काढतानाच त्यानं त्यात लिहून टाकलं की आईला चालता येत नाही. मला इंग्रजी येत नाही, विमानतळ गावाएवढा असतो, चुकले तर कुणाला विचारणार. त्यापेक्षा खुर्चीवाला थेट विमानाच्या दारात नेऊन सोडतो, रांगसुद्धा लागत नाही. सगळ्यांचे आईवडील असेच येतात, म्हणाला. मी म्हटलं, अरे पण मला चालता येतं.

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला. "उठू नकोस."

एकदा खुर्ची घेतली की मधे उठायचं नाही. उठलीस की ते कॉम्प्युटरवर मारतात, बाई खोटी आहे. अमेरिकेत उतरल्यावर तिथल्या साहेबाला ते दिसतं. तो म्हणतो, इथं खोटं बोललीस तर आणखी कुठं कुठं बोलली असशील, आणि आल्या विमानानं परत धाडतो. व्हिसा कायमचा बंद. आणि तुझ्यामुळं माझ्याही कागदांना लागेल. हे शेवटचं वाक्य त्यानं तीन फोनवर तीनदा सांगितलं. पुढाऱ्याच्या भाच्याला उतरवणारी बाई मी, पण पोटच्या पोराच्या कागदांना लागेल म्हटल्यावर गप्प झाले.

पेंढारकर ताई नाशिकच्या. दोन्ही मुली तिकडे, त्यांची ही सातवी खेप. त्यांनी धनूच्या बोलण्यावर शिक्काच मारला. साताऱ्याचा एक माणूस म्हणे असाच चहा आणायला म्हणून खुर्चीतून उठला आणि अमेरिकेच्या दारातून परत आला. तुम्ही पाहिलं का, असं मी विचारलं. सगळ्यांना माहितीये, असं त्या म्हणाल्या. मग हनुवटीनं एकेक खुर्ची दाखवत मला ओळ वाचून दाखवली. ती जांभळ्या साडीतली, रोज सकाळी टेकडी चढते. तो टोपीवाला मुलाकडे जाऊन टेनिस खेळतो. ते जोडपं मागच्या वर्षी चारधाम करून आलंय.

"अकरांत खरा लंगडा एकच," त्या म्हणाल्या आणि त्यांची हनुवटी माझ्या डाव्या हाताला येऊन थांबली.

डाव्या हाताच्या खुर्चीत रंगनाथ सोनटक्के होते. सत्तरीचे, काळे, काटक. मांडीवर आडवी काठी. परतूरकडचे, लाईनमन होते. खांबावरून पडले आणि कंबर मोडली ती मोडलीच. काठी टेकून चार पावलं टाकायचे, पाचव्याला घाम फुटायचा. मुंबईला विमानात चढवताना मी पाहिलं होतं. दोन माणसांनी धरून सीटवर बसवलं होतं त्यांना.

त्यांनीच बोलणं काढलं. कुठं जायचं, कुणाकडं, आणि मग साहजिकच, "तुमचं काय झालं, ताई?"

उजवीकडं पेंढारकर ताईंचे कान होते. समोर ती ट्रेवाली बाई होती.

"गुडघे," मी म्हटलं. "दोन्ही गेलेत. उभंसुद्धा राहता येत नाही."

एवढं बोलायची काही गरज नव्हती. दुखतात म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मला अर्धवट खोटं बोलता येत नाही. सोनटक्क्यांनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि माझ्या पायांकडं असं बघितलं, की मला साडी खाली ओढून घ्यावीशी वाटली.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक कागद काढला. जावयानं मराठीत लिहून पाठवलेला, घड्या पडून मऊ झालेला. रविवार दुपारी तीन, उतरणे. पाच, बाहेर. सहा, दवाखाना. आठपर्यंत भेट. सोमवार सकाळी सात, ऑपरेशन.

मुलगी. वैजयंती. वय चौतीस. डोक्यात गाठ निघाली होती आणि ती बोलण्याच्या जागेला चिकटून होती. डॉक्टर म्हणाले होते, जगेल. पण नंतर बोलेल का, माणूस ओळखेल का, ते आज सांगता येत नाही.

"म्हणून आधी गाठायचं," सोनटक्के म्हणाले. "दोन तास मिळत्यात. लई झाले. आई नाही तिला, मीच आहे. एकदा तिनं दादा म्हणलं, मी काय ते बोललो, मग होऊ दे काय व्हायचं ते. तिनंच सांगितलंय, दादा आल्याबगर मला आत नेऊ नका. पण ते थोडंच ऐकणारेत."

मी विचारलं, हे विमान चुकलं तर? दुसरं उद्या, ह्याच वेळेला, ते म्हणाले. आणि कागदाची घडी घातली.

त्यानंतर तासभर आम्ही अंतराचं बोलत बसलो. दुसरं काय करणार. बार्शी ते मुंबई धरलंच नाही, नुसतं मुंबईहून शिकागो, तरी साडेतेरा हजार किलोमीटर. मी म्हटलं, आमच्याकडं सहा किलोमीटरचा एक टप्पा, त्यावर तिकीट. म्हणजे दोन हजार दोनशे पन्नास टप्पे. ते हसले आणि म्हणाले, आमच्याकडं किलोमीटरला वीस खांब. दोन लाख सत्तर हजार खांब झाले, ताई, एवढे चढलो असतो तर कंबर आधीच मोडली असती. मग म्हणाले, नवल बघा, साडेआठला निघायचं, साडेचौदा तास बसायचं आणि उतरायचं ते त्याच रविवारी दुपारी तीनला. दिवस आपल्यासाठी थांबून राहतो.

"थांबतो, पण आपण बसलो पाहिजे त्यात," मी म्हटलं. कंडक्टरची सवय.

मला लघवीला लागली होती. साडेसहापासून. समोर वीस पावलांवर बाईचं चित्र असलेलं दार होतं. जायचं तर कुणाला तरी हाक मारायची, त्यानं खुर्ची ढकलत न्यायची, तिथल्या बाईनं काखेत हात घालून मला उचलायचं, आणि मी उचलून घ्यायचं. मला ते जमलं नाही. मांड्या आवळून बसले. काचेपलीकडून माणसं धडाधड चालत जात होती. बॅगा ओढत, पोरं कडेवर घेऊन, कुणी पळत. वीस वर्षांत मला कधी चालणाऱ्या माणसाचा हेवा वाटला नव्हता.

सात वाजल्यापासून खुर्च्या हलायला लागल्या. टोपीवाला गेला. जांभळी साडी गेली. पेंढारकर ताईंचं विमान दुसऱ्या गावाचं, सव्वासातला त्यांचा माणूस आला. त्यांनी मला हात केला, भेटू म्हणाल्या. दाराबाहेर गेल्यावर त्यांनी पायावर पाय टाकला होता.

पावणेआठला आम्ही दोघंच उरलो. सोनटक्क्यांची खुर्ची दाराकडं, त्यांच्यामागं माझी.

त्यांनी टेबलावरच्या बाईला हाक मारली. तिनं पाच बोटं दाखवली. पाच मिनिटांनी पुन्हा हाक मारली, तिनं पुन्हा पाच दाखवली. माणसं कमी पडली होती. साहजिक होतं; ढकलणारी सगळी माणसं टेकडी चढणारांना ढकलत होती. समोरच्या पाटीवर शिकागो लाल झालं होतं. गाड्यांच्या पाट्या वाचण्यात माझी हयात गेलेली, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मला येतात. गेटचा नंबर वाचला, त्याला जायचा बाण कुठं वळतो तेही वाचलं. खोलीच्या दारापासून उजवीकडं. मला जाता आलं असतं. पास ट्रेमध्ये होता.

आठला पाच कमी असताना साजू पळत आला. केरळचा, चाळिशीचा, एका हातानं स्वतःची पाठ दाबत. मघाशी विमानातून मला त्यानंच आणलं होतं. त्यानं ट्रेमधून दोन पासपोर्ट उचलले, पाटीकडं बघितलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला.

"एक ही ले जा सकता," तो आम्हाला म्हणाला. "वो लोग पाँच मिनट रुकेगा बस. दूसरा आदमी आता है पीछे."

आणि त्यानं सोनटक्क्यांच्या खुर्चीचा ब्रेक काढला. त्यांचा नंबर पहिला होता.

सोनटक्क्यांनी काठी खाली टेकवली. खुर्ची अडली.

"हिला ने," ते म्हणाले. "बाई को ले जाव. उसके दोनो पैर गये. मैं काठी से थोडा थोडा आता है, दूसरा आया तो आया." आणि माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "जा, ताई. माझी निदान चार पावलं तरी पडत्यात. तुम्ही हितं एकट्या राहिल्या तर काय कराल?"

साजूनं माझ्याकडं बघितलं. ट्रेवाली बाई बघत होती. सोनटक्के बघत होते.

मी बसून राहिले.

एवढंच केलं मी. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. साजू माझ्या मागं आला, ब्रेक निघाला आणि खुर्ची सोनटक्क्यांच्या खुर्चीला वळसा घालून दाराबाहेर पडली. ते काठीवर भार टाकून उठायचा प्रयत्न करत होते, ते मला काचेत दिसलं.

साजू पळत होता. त्याचा श्वास माझ्या डोक्यावर पडत होता. पहिल्या वळणाला मी ठरवलं, आता सांगायचं. लिफ्टमध्ये ठरवलं. मग एक आगगाडीसारखं काहीतरी होतं, त्यात दोन मिनिटं उभं राहायचं असतं, साजू खांबाला धरून उभा राहिला आणि मी बसले, आणि तिथं ठरवलं. रुको म्हणायचं, दोन अक्षरं. हजार वेळा भरधाव गाडी मी एका हाकेनं थांबवली आहे. तोंड उघडलं की धनू दिसायचा, कागद हातात घेऊन बसलेला. गेटवर पोचलो तेव्हा दोन बाया दार धरून उभ्या होत्या. साजूनं मला विमानाच्या दारात उतरवलं, दुसरा पासपोर्ट खिशातून काढून बघितला आणि मागं पळाला. त्यानं प्रयत्न केला. तेही मी पाहिलं.

दार लागलं.

विमान वर चढून सरळ झालं, पट्ट्याचा दिवा विझला, तशी मी उठले. आधी लघवीला गेले. मग पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले, एकेका सीटवरचा माणूस बघत, गाडीत तिकीट तपासतात तशी. कदाचित सोनटक्क्यांना शेवटी मागच्या दारानं चढवलं असेल, असं वाटत होतं. शेवटच्या रांगेला पोचले. दुसऱ्या बाजूनं परत पुढं आले. मधे कुणी झोपलं होतं, तोंडावर पांघरूण. थांबून पांघरूण थोडं बाजूला केलं. गोरा माणूस होता. तो रागावला. साडेचौदा तासांत मी किती वेळा तशी फिरले, मोजलं नाही. कुणी मला विचारलं नाही की बाई, तुला तर चालता येत नव्हतं.

शिकागोला विमानाच्या दारात खुर्ची उभी होती, तिच्यावर माझ्या नावाची चिठ्ठी. मी तिला वळसा घालून चालत गेले. रांगेत सव्वा तास उभी राहिले. साहेबानं विचारलं, कुणाकडं, किती महिने. शिक्का मारला. कॉम्प्युटरवर काही नव्हतं. कुणी कधी काही मारलंच नव्हतं.

बाहेर धनू होता. त्यानं आधी माझ्या मागं बघितलं.

"अगं, खुर्ची कुठाय? चालत आलीस?"

मी त्याला सांगायला सुरुवात केली. खुर्च्या, सोनटक्के, त्यांची मुलगी. तो बॅग उचलत ऐकत होता. म्हणाला, आई, तू पोचलीस ना, मग झालं तर. त्यांची एअरलाईन बघेल त्यांचं.

त्याच्या मागं, कठड्याला टेकून एक पोरगेलासा माणूस उभा होता. डोळे सुजलेले, हातात पुठ्ठा. त्यावर मराठीत 'सोनटक्के' लिहिलेलं. आमचं मराठी ऐकून तो पुढं आला. त्याच विमानात एक वयस्कर गृहस्थ होते, खुर्चीत, कंबर अधू असलेले; दिसले का, काकू?

"मागं राहिले," मी म्हटलं.

"मागं म्हणजे? सामानाला?"

"तिकडंच. मधल्या विमानतळावर. ढकलायला माणूस कमी पडला."

तो पुठ्ठा धरून तसाच उभा राहिला. मग फोन काढून बोटं फिरवायला लागला, आणि मधेच मला म्हणाला, ती सकाळपासून विचारतेय, दादा कुठवर आले. धनूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आपला नंबर दिला, काही लागलं तर सांगा म्हणाला. गाडीत बसल्यावर मी रडले तेव्हा त्यानं हीटर वाढवला. त्याला वाटलं मला थंडी वाजतेय.

ऑपरेशन ठरल्या वेळेला झालं. सोनटक्के सोमवारी दुपारी उतरले. हे धनूनं मला सांगितलं. जावयाचा मेसेज आला होता. मुलगी जगली. एवढंच लिहिलं होतं.

सहा आठवड्यांनी, मी नातवाला आंघोळ घालून उन्हात घेऊन बसले होते, तेव्हा धनूनं फोन आणून दिला. सोनटक्के होते. त्यांनी जावयाकडून नंबर घेतला होता. आवाज खोल गेलेला. त्यांनी तक्रार म्हणून फोन केला नव्हता. साजू म्हणे परत आला होता त्यांना न्यायला, फार पळाला बिचारा, गेटवर पोचले तेव्हा काचेतून विमान मागं सरकताना दिसलं. मग म्हणाले, इथं गुडघ्याचा चांगला डॉक्टर आहे, वैजूला रोज व्यायामाला नेतो तिथंच. मी तुमच्याबद्दल विचारून ठेवलंय, तुम्ही एकदा या.

पोर मांडीवर झोपलं होतं. मी त्याला पाळण्यात ठेवलं आणि उभी राहिले.

"सोनटक्के भाऊ, मला चालता येतं," मी म्हटलं. "तेव्हाही येत होतं. काही झालेलं नाही मला. मी उठून तुमची खुर्ची ढकलली असती तर दोघंही पोचलो असतो."

 

"मग उठला का नाहीत?" त्यांनी विचारलं. आवाज चढवून नाही. खरंच कळलं नव्हतं त्यांना, म्हणून.

माझ्याकडं सांगायला सगळं होतं. मुलानं बजावलं होतं. पासपोर्ट त्यांच्या ट्रेमध्ये होता. साताऱ्याच्या माणसाला परत पाठवलं होतं. सात वर्षं झाली ह्याला, आणि अजून एकेक कारण उचलून बघते, तर प्रत्येक खरंच निघतं. त्या दिवशी त्यातलं एकही तोंडातून बाहेर आलं नाही.

ते वाट बघत राहिले. फोन त्यांनी ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मागं कुठंतरी जावयाचा आवाज येत होता, लहान पोराशी बोलावं तसा, सावकाश.

"वैजू, इकडं बघ. हे कोण आलेत? सांग बरं. कोण आहेत हे?"

सोनटक्क्यांनी श्वास धरला, तो मला ऐकू आला. आम्ही दोघंही ऐकत होतो.

ती काही म्हणाली नाही.